पक्षाघातानंतर घरी आणलेल्या आजी : श्रावणबाळचे पैसे दिसत नाहीत, आधारला मोबाईल नाही, फ्लॅट पुतण्याच्या नावावर. आधी काय हाती घ्यावं? (नाशिक)

उत्तमनगरकर

नमस्कार मंडळी. सिडकोत उत्तमनगरला आमच्या इमारतीत ७६ वर्षांच्या एक आजी एकट्या राहतात. यजमान नाहीत, मूलबाळ नाही. महिनाभरापूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू लुळी पडली. बोलताना जीभ अडखळते, पण समज शाबूत आहे. आता घरी आणलंय. नाकातली नळी काढली, तोंडाने खातात. लघवीची नळी अजून आहे. सध्याची स्थिती अशी:

श्रावणबाळ या वृद्धांच्या निवृत्तिवेतन योजनेचे महिन्याचे १,५०० रुपये बरेच महिने पासबुकात आलेले नाहीत. चौकशी केली तर पैसे पाठवल्याची नोंद आहे असं सांगतात.

आधारला यजमानांचा जुना नंबर, तो बंद. मशिनवर अंगठा उमटत नाही.

रेशनकार्ड आहे, आयुष्मान कार्ड काढलेलं नाही.

२०२१ मध्ये राहता फ्लॅट यजमानांच्या पुतण्याला नोंदणीकृत बक्षीसपत्राने दिला. तो 'सांभाळतो' म्हणाला होता. आता फिरकत नाही आणि फ्लॅट विकायला काढल्याची कुणकुण आहे.

दिवसा एक मावशी येतात, रात्री आम्ही शेजारी आळीपाळीने. परवापासून माकडहाडावर लालसर डाग दिसतोय.

कामं बरीच आहेत आणि माणसं मोजकी. कशाला आधी हात घालावा, आणि कोणतं काम कुठे होतं, हे माहितगारांनी सांगावं.

---

रुग्णसेवा_नाशिकरोड

सगळ्यात आधी तो लाल डाग. बाकीच्या कामांना चार दिवस इकडेतिकडे झाले तर चालतील, याला चालणार नाहीत.

डागावर बोट तीन सेकंद दाबून सोडा. जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर रक्त फिरतंय. दाबूनही रंग बदलला नाही तर ते पहिल्या टप्प्याचं बेडसोर समजा. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही, म्हणून हाताने चाचपा: आजूबाजूपेक्षा जागा गरम, कडक किंवा लिबलिबीत लागते का ते पाहा. तिथे चोळायचं नाही. स्पिरिट आणि पावडर चोळायची पद्धत अजून घरोघरी आहे, ती बंद करा. आतलं दुखावलेलं मांस त्याने आणखी फाटतं. मधे भोक असलेली रबरी रिंगही नको, कडेच्या दाबाने रक्त आणखी अडतं.

दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. भिंतीवर कागद लावा, वेळ आणि बाजू लिहा, बदलणाऱ्याने खूण करायची. पूर्ण आडवी कूस दिली की सगळा भार खुब्याच्या हाडावर येतो, म्हणून पाठीमागे उशी लावून ३० अंशांचा कल पुरेसा. डावीकडे, उताणं, उजवीकडे असा फेरा ठेवा, पण लाली जाईपर्यंत उताणं शक्यतो टाळा आणि लुळ्या उजव्या बाजूवर वेळ कमी द्या. पोटरीखाली उशी अशी ठेवा की टाच अधांतरी राहील. सरकवताना ओढू नका. कमरेखाली दुहेरी घडीची चादर कायम असू द्या, दोघांनी दोन्ही कडा धरून उचलायचं. आणि लुळ्या हाताला धरून कधीही उठवायचं नाही. स्नायूंचा आधार गेलेला असतो, खांदा निखळतो आणि तो पुढे कायमचा दुखतो.

एअर मॅट्रेस (हवेची गादी) भाड्याने मिळते. ती नेहमीच्या गादीवर टाकायची, वर एकच सुती चादर. लोक वरून गोधडी, प्लॅस्टिक, पुन्हा चादर घालतात आणि गादीचा उपयोगच संपतो. हवा बरोबर आहे का हे पाहायला माकडहाडाच्या जागी गादीखाली तळहात घाला. अंग आणि हात यांच्यामध्ये साधारण एक इंच हवा जाणवली पाहिजे. हाड टेकत असेल तर पंपाचा आकडा वाढवा. गादी आली म्हणून कूस बदलणं थांबत नाही. वीज गेली की ती हळूहळू बसते.

लंगोट वापरत असाल तर दर दोन-तीन तासांनी बघा. ओली कातडी लवकर फाटते. पुसून, टिपून कोरडं करायचं आणि झिंक ऑक्साइडच्या क्रीमचा पातळ थर द्यायचा. फोड आला, कातडी उघडली, काळं पडलं किंवा वास येऊ लागला तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवा.

खाण्याचं आता. नाकातली नळी नुकतीच निघाली आहे म्हणून जपून. भरवताना पाठ पूर्ण ताठ, हनुवटी किंचित खाली, घास डाव्या, म्हणजे चांगल्या बाजूने. पक्षाघातात पातळ पाणी घट्ट पदार्थापेक्षा जास्त धोक्याचं असतं, ते झटकन श्वासनलिकेत उतरतं. पाणी पिताना ठसका लागत असेल किंवा प्यायल्यावर आवाज घोगरा, पाण्यातून आल्यासारखा येत असेल तर स्पीच थेरपिस्टकडून गिळण्याची तपासणी करून घ्या. तोवर दाटसर पेज, मऊ खिचडी, घट्ट वरण, दही चालेल. घासानंतर उजव्या गालात अन्न अडकून राहतं, बोटाला ओलं फडकं गुंडाळून काढा. जेवणानंतर अर्धा तास ताठ, मग पाठ ३० अंशांपर्यंत खाली. त्याहून उंच ठेवलं तर त्या घसरत राहतात आणि माकडहाडाची कातडी ओढली जाते.

लघवीच्या नळीबद्दल एकच प्रश्न डॉक्टरांना विचारा: 'ती अजून लागते का?' दवाखान्यात सोयीसाठी घातलेली नळी घरी तशीच राहते आणि जंतुसंसर्ग तिथूनच सुरू होतो. लागत असेल तर मांडीला चिकटपट्टीने बांधा, पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीला न टेकवता, दोन तृतीयांश भरली की रिकामी करा. नळी घातल्याची तारीख पिशवीवर लिहा. लॅटेक्सची असेल तर दोन ते चार आठवड्यांत बदलावी लागते, सिलिकॉनची जास्तीत जास्त बारा.

---

दाखला_मदत

श्रावणबाळच्या पैशांबद्दल. 'पाठवले' अशी नोंद आहे आणि पासबुकात नाहीत, तेव्हा बहुतेक वेळा पैसे परत गेलेले नसतात, दुसऱ्या खात्यात गेलेले असतात. डिसेंबर २०२४ पासून संजय गांधी आणि श्रावणबाळची रक्कम डीबीटीने (थेट लाभ हस्तांतरण), म्हणजे आधार क्रमांकावरून जमा होते. अर्जावर लिहिलेल्या खाते क्रमांकाकडे ही पद्धत बघत नाही. आधार शेवटी ज्या बँकेशी मॅप झालं, म्हणजे जोडलं गेलं, तिथे पैसे जातात.

लोकांचा गोंधळ इथेच होतो. केवायसीला आधारची झेरॉक्स दिली म्हणजे खात्याला आधार 'लिंक' झालं, पण एनपीसीआयच्या मॅपरमध्ये (कोणत्या आधारचे पैसे कोणत्या बँकेत जायचे ती यादी) 'सीडिंग', म्हणजे नोंद झालीच असं नाही. मध्यंतरी कुठल्या शिबिरात, सिमकार्ड घेताना किंवा टपाल खात्यात नवीन खातं उघडलं असेल तर मॅपिंग तिकडे सरकतं आणि आजींना पत्ताही लागत नाही. तपासायचं असं: मायआधार संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस'. तिथे ओटीपी लागतो, तुमच्याकडे नंबर बंद आहे, म्हणून सरळ नेहमीच्या शाखेत विचारा, त्यांना दिसतं.

दुसऱ्या बँकेचं नाव निघालं तर नेहमीच्या शाखेत आधार सीडिंगचा संमती अर्ज भरा. त्यात 'नवीन सीडिंग' आणि 'एका बँकेतून दुसरीकडे' असे पर्याय असतात. दुसऱ्यावर खूण करून आधीच्या बँकेचं नाव लिहा. इथे 'नवीन'वर खूण केली की अर्ज फेटाळला जातो आणि कोणी कळवत नाही. पोच घ्या, आठवड्याने पुन्हा तपासा. आधी गेलेले हप्ते त्या दुसऱ्या खात्यात सुरक्षित असतात, ते बुडत नाहीत.

मॅपिंग बरोबर निघालं तर मग हयातीचा दाखला राहिलाय का ते तहसीलच्या संजय गांधी शाखेत पाहा. केंद्राच्या इंदिरा गांधी वृद्धापकाळ योजनेतही नाव असेल तर चेहऱ्यावरून हयात नोंदवण्यासाठी 'बेनिफिशियरी सत्यापन' ॲप आहे, सोबत 'आधार फेस आरडी' हे दुसरं ॲप लागतं. बोटं उमटत नसलेल्यांना ही मोठी सोय आहे. खिडकीकडे तोंड करून बसवा, चष्मा काढा, डोळ्यांची उघडझाप करायला सांगा.

आधारचा मोबाईल: पोस्टमनकाका घरी येऊन नंबर बदलून देतात (इंडिया पोस्ट पेमेंट्स बँकेची सेवा), त्याला ओळख पटावी लागते. अंगठ्याचा हट्ट धरू नका, दहा बोटांपैकी कोणतंही चालतं. उजवी मूठ आवळलेली असेल तर डावा हात घ्या. कोमट पाण्याने धुऊन, पुसून, थोडं ग्लिसरीन लावून पुन्हा पुसा. तरी नाही जमलं तर यूआयडीएआयची (आधार देणारी संस्था) अंथरुणावरच्या लोकांसाठी घरी येऊन अद्ययावत करायची सेवा आहे. १९४७ वर विचारा, शुल्क वेगळं लागतं, डॉक्टरांचं पत्र तयार ठेवा. नंबर देताना शेजाऱ्याचा देऊ नका. आजींच्या नावाने साधं सिम घ्या. उद्या ओटीपीवरून संशय नको, तुमच्यावरही नको.

---

म्हसरूळकर

आयुष्मानबद्दल थोडक्यात. ७० पूर्ण झालेल्यांना 'आयुष्मान वय वंदना' कार्ड मिळतं, उत्पन्नाची अट नाही. ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय आहे. वर्षाला पाच लाखांपर्यंत दाखल होऊन घेतलेले उपचार, जुन्या आजारांना प्रतीक्षा काळ नाही, घरी सोडल्यावर १५ दिवसांची औषधं त्यात धरलेली असतात. बाह्यरुग्ण तपासणी आणि घरची मावशी यात बसत नाही, ती आशा ठेवू नका. आधारच्या ईकेवायसीवरच (ऑनलाइन ओळख पडताळणी) निघतं, म्हणून वरचं आधारचं काम आधी. मदत क्रमांक १४५५५. मधल्या काळात दाखल करावं लागलं तर रेशनकार्डावर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना आहेच, दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला गाठा, भरती करतानाच. डिस्चार्जच्या दिवशी गाठून उपयोग नसतो.

एक गोष्ट बरेच जण सोडून देतात. पक्षाघाताला सहा महिने झाले की दिव्यांग प्रमाणपत्रासाठी (यूडीआयडी) अर्ज करा. त्याआधी गेलात तर 'सुधारणा होऊ शकते' म्हणून परत पाठवतात. त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात तपासणी होते. ४० टक्के किंवा जास्त लागलं तर श्रावणबाळमधल्या दिव्यांग लाभार्थ्याला ऑक्टोबर २०२५ पासून १,५०० ऐवजी २,५०० मिळतात. पण ते आपोआप होत नाही, यूडीआयडीची प्रत तहसीलच्या संजय गांधी शाखेत देऊन नोंद करून घ्यावी लागते.

चाकाची खुर्ची, कमोड खुर्ची, वॉकर यांसाठी मुख्यमंत्री वयोश्री योजनेत एकरकमी ३,००० रुपये आहेत (६५ वर्षांवरील, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत). सध्या अर्ज घेतात का ते नासर्डी पुलाजवळच्या सामाजिक न्याय भवनात विचारा.

---

उत्तमनगरकर

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद लावलाय, उताणं बंद केलं, गादी आणली. डाग दाबल्यावर पांढरा पडतोय. शाखेत विचारलं: मॅपिंग एका पेमेंट बँकेकडे आहे, कुठल्या तरी शिबिरात खातं उघडलेलं. सरकवण्याचा अर्ज दिला, पोच घेतली.

आता फ्लॅट. बक्षीसपत्राची प्रत आजींकडे नाही. आणि दुसरं, बँकेत सही कशी करायची? उजवा हात चालत नाही.

---

सीबीएस_वकिली

फ्लॅटचं काम पैशांपेक्षा निकडीचं आहे. एकदा तिसऱ्या माणसाने विकत घेतला की गुंता कितीतरी वाढतो.

आधी दस्त पाहा. आयजीआर महाराष्ट्राच्या (दस्त नोंदणी खातं) ई-सर्चवर गाव, वर्ष आणि मिळकत क्रमांक टाकून सूची २ (दस्ताच्या नोंदीचा गोषवारा) काढा, दस्त क्रमांक मिळेल. मग दुय्यम निबंधक कार्यालयातून नक्कल. त्यात दोन ओळी शोधा: 'सांभाळ करील' किंवा 'देखभाल करील' अशी अट, आणि 'हयातीपर्यंत राहण्याचा हक्क'.

ज्येष्ठ नागरिक चरितार्थ कायदा २००७, कलम २३. सांभाळाच्या अटीवर दिलेली मिळकत घेणाऱ्याने सांभाळ केला नाही, तर ते हस्तांतरण फसवणुकीने झालं असं मानून रद्द होऊ शकतं. कळीचा मुद्दा 'अट'. दस्तात ती स्पष्ट असेल तर बाजू भक्कम. नसेल तर त्याच सुमाराचं त्याचं पत्र, मेसेज, साक्षीदार गोळा करा. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दस्तासोबतच्या वेगळ्या वचनपत्राच्या आधारे बक्षीसपत्र रद्द ठरवलं आणि या कायद्याखालचं अधिकरण (तक्रारींचा निवाडा करणारं मंडळ) ताबाही परत द्यायला सांगू शकतं असं म्हटलं. मात्र काहीच पुरावा नसताना नुसतं 'तो सांभाळणार होता' म्हणून चालत नाही, हे आजींना आधीच समजावून सांगा.

अर्ज नाशिकच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे, म्हणजे प्रांतांकडे. तेच अधिकरणाचे प्रमुख. आजी स्वतः करू शकतात, किंवा त्यांनी लेखी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था करू शकते, म्हणजे तुमच्या भागातला ज्येष्ठ नागरिक संघसुद्धा. वकील लागत नाही. एकाच अर्जात दोन मागण्या घाला: कलम २३ खाली दस्त रद्द, आणि दरमहा निर्वाह (कमाल १०,००० रुपये). पुतण्याकडून निर्वाह कसा, असं कोणी म्हणेल. मूल नसलेल्या ज्येष्ठाची मिळकत ज्याच्या ताब्यात आहे किंवा जो ती वारसाने घेईल, तो सज्ञान वारस या कायद्यात 'नातेवाईक' म्हणून जबाबदार धरला आहे. यजमानांचा पुतण्या त्यात बसू शकतो. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्वाहाचा निर्णय अपेक्षित, अपवादाने ३० दिवस जास्त. विरुद्ध गेला तर ६० दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील.

विक्री थांबवायला अंतरिम आदेश मागा. सोबत इमारतीच्या सोसायटीला लेखी हरकत द्या आणि ना-हरकत पत्र देऊ नका म्हणून पोच घ्या. दिवाणी न्यायालयात मनाईचा दावा लागला तर सीबीएससमोर (मध्यवर्ती बस स्थानक) जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. १५१०० वर आधी बोलून घ्या.

घाई करायचं खरं कारण: समज शाबूत आहे तोवरच हे सोपं आहे. आजींचं म्हणणं त्यांच्या शब्दांत लिहून, वाचून दाखवून, डाव्या अंगठ्याचा ठसा घेऊन दोन साक्षीदारांसमोर ठेवा. शेजारी 'समज आहे, बोलणं अडखळतं' असं डॉक्टरांचं तारखेसह पत्र. समोरचा पहिला हल्ला नेमका यावरच करतो.

---

दाखला_मदत

बँकेतल्या सहीबद्दल. रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. सही करता न येणाऱ्या वृद्ध, आजारी खातेदाराचा हाताच्या अंगठ्याचा किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो, दोन स्वतंत्र साक्षीदारांनी ओळख पटवायची, त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी. आजींचा डावा अंगठा आहे, पायाची वेळ येणार नाही. अधिकारी घरी यावा लागतो. ७० वर्षांवरील ग्राहकांना घरपोच सेवा द्यायच्या रिझर्व्ह बँकेच्या सूचना नोव्हेंबर २०१७ पासून आहेत, त्याचा उल्लेख करून शाखाधिकाऱ्यांना लेखी अर्ज द्या आणि डॉक्टरांचं पत्र जोडा. तोंडी विचारलं तर 'पेशंटला घेऊन या' असंच उत्तर बऱ्याचदा मिळतं.

नवीन ठसा एकदा नोंदवून घ्या, म्हणजे दरवेळी वाद नको. पैसे काढून आणणाऱ्या एका व्यक्तीचं नाव आजींनी लेखी द्यावं.

---

सीबीएस_वकिली

वरच्यात एक भर. कोणी मुखत्यारपत्र करून घ्यायला सांगेल. ते आज चालेल, पण आजींची समज गेली की आपल्याकडे मुखत्यारपत्र संपतं. नेमकी गरज असते तेव्हा ते निकामी होतं. पुढे स्मृतिभ्रंश झाला तर मालमत्तेसाठी उच्च न्यायालयातून पालक नेमून घ्यावा लागतो. नॅशनल ट्रस्टच्या कायद्यातली जिल्हा स्तरावरची सोपी पालकत्वाची वाट स्मृतिभ्रंशाला लागू नाही.

मानसिक आजारावरच्या उपचारांपुरतं मात्र आत्ताच करता येतं. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ मध्ये 'नामनिर्देशित प्रतिनिधी' साध्या कागदावर सही किंवा ठसा देऊन नेमता येतो.

---

रुग्णसेवा_नाशिकरोड

डाग पांढरा पडतोय म्हणजे वेळेत सापडलं, पण फेरा तसाच चालू ठेवा.

मावशींबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. एजन्सीमार्फत असतील तर लेखी घ्या: बारा तास की चोवीस, सुट्टीला बदली कोण, कोणती कामं करणार. आधारची प्रत आणि स्थानिक पोलीस ठाण्यात पडताळणी. अंघोळ, भरवणं, कूस, लंगोट ही त्यांची कामं. नळी बदलणं, इंजेक्शन, जखमेचं ड्रेसिंग ही जीएनएम (नर्सिंगचं शिक्षण घेतलेल्या) परिचारिकेची. मावशींना ती करायला लावू नका, त्या स्वतःहून म्हणाल्या तरी.

औषधांचा डबा सकाळ-दुपार-रात्र असा आठवड्याचा भरून ठेवा. पक्षाघाताच्या रुग्णाच्या रक्त पातळ करणाऱ्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या एक दिवसही चुकता कामा नयेत. तोंड पुन्हा वाकडं होणं, डावा हात पडणं, बोलणं आणखी बिघडणं, यांपैकी काहीही दिसलं तर वेळ लिहून ठेवा आणि लगेच १०८. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीच्या साडेचार तासांतच देता येतं. आजींना नुकताच झटका येऊन गेलाय, म्हणून ते द्यायचं की नाही हे तिथले डॉक्टर ठरवतील, पण शेवटच्या कधी ठीक दिसल्या ती वेळ त्यांना हवीच असते. रात्रपाळीच्या शेजाऱ्यांनी म्हणून कुशीच्या कागदावरच ती नोंद करावी.

रात्री कुणी नसेल असा दिवस येणारच. त्यासाठी, आणि पुतण्याकडून दमदाटी झाली तरीही, ज्येष्ठांची हेल्पलाईन १४५६७ आहे, सकाळी ८ ते रात्री ८. रात्रीच्या वेळी धमकी आली तर ११२.